कोकणात कॅम्परव्हॅन घेऊन खासगी जागेत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं मी आणि माझा नवरा ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली व्हॅन घेऊन अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो. माझं माहेर देवगड तालुक्यातलं. तिथे आमच्या कलमांच्या बागेत आता दुसऱ्यांच्या व्हॅनही मुक्कामाला येतात. त्यामुळे जागा मागणाऱ्याची अडचण मला कळते आणि जागा देणाऱ्याचीही. फोनवर सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

व्हॅनसाठी तयार तळ असतीलच ना? खासगी जागा कशाला शोधायची?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. खासगी जमिनीवर कॅरॅव्हॅन पार्क उभारण्याची सोय त्यात आहे. पण पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि मैला रिकामा करायची जागा असा पूर्ण तळ कोकणात अजून क्वचितच सापडतो. बऱ्याच रिसॉर्टवाल्यांना खोली विकायची असते, पार्किंगमध्ये झोपणारा माणूस त्यांना नको असतो. राहतात ती घरं: वाडी, बाग, घरापुढचं अंगण, रस्त्यालगतचा कातळ. कोकणातला चांगला मुक्काम मला तरी नेहमी अशाच ठिकाणी मिळाला आहे.

मग अशी जागा शोधायची कशी?

नकाशावर हिरवा तुकडा दिसला म्हणून तिथे जाऊन उभं राहायचं नाही. कोकणात रिकामी दिसणारी जमीन रिकामी नसते. तिच्यावर कुणाची तरी काजू असते, कुणाची गवताची कापणी असते, कुणाच्या गुरांची वाट असते.

आम्ही तीन वाटांनी जागा शोधतो. पहिली वाट म्हणजे निवास-न्याहारी किंवा कृषी पर्यटनाची नोंदणी असलेली घरं. त्यांना फोन करून स्पष्ट सांगायचं, "खोली नको, गाडी लावायला जागा, न्हाणीघर आणि दोन वेळचं जेवण हवं." जेवणाचे पैसे मिळणार म्हटल्यावर बरेच जण तयार होतात. दुसरी वाट गावातलं किराणा दुकान किंवा भातगिरण. कुणाच्या अंगणात मोठी गाडी वळते हे तिथल्या माणसाला बरोबर माहीत असतं. तिसरी वाट ओळखीची. कोकणात "तुम्ही खंयचे?" हा पहिला प्रश्न येतो. त्याचं उत्तर नीट द्या. आडनाव, मूळ गाव, कुणाकडून नंबर मिळाला हे सांगितलं की पुढचं बोलणं सोपं होतं. मूळ गाव विदर्भातलं असलं तरी चालतं. माणूस कुठला आहे हे कळल्याशिवाय घरापुढे रात्रीची गाडी लावू द्यायला कोण तयार होईल?

पोहोचायची वेळ दिवेलागणीच्या आधीची ठेवा. अंधारात आलेली उंच पांढरी गाडी बघून अख्खी वाडी जागी होते.

फोनवर काय काय विचारून घ्यायचं?

"गाडी येते का?" एवढंच विचारलंत तर उत्तर "येता की!" असंच मिळणार. त्यांच्या मनात रिक्षा किंवा फार तर बोलेरो असते. आपली गाडी सहा-सात मीटर लांब आणि पावणेतीन मीटरच्या आसपास उंच. म्हणून विचारावं ते असं: आंब्याचा टेम्पो दारात येतो का? जांभा दगडाचा ट्रक आला होता का, आणि तो कुठे वळला? ट्रक वळला असेल तर आपणही वळतो.

मग तारा. खांबावरून घरात जाणारी वीजवाहिनी कित्येक अंगणांवरून खाली झोळ घेऊन गेलेली असते. आमच्या गाडीत तीन मीटरची सुकलेली बांबूची काठी कायम असते. गाडी आत घालण्याआधी नवरा काठी उभी धरून पुढे चालतो. काठी तारेला टेकवायची नाही, लांबूनच अंदाज घ्यायचा. झोळ काठीच्या खाली आला तर गाडी बाहेरच.

जमिनीखाली काय आहे हेही विचारा. शोषखड्ड्याची लादी साडेतीन टनांसाठी घातलेली नसते. नारळी-पोफळीच्या बागेत पाण्याचे पाट असतात, पीव्हीसीचे पाइप वीतभर मातीखाली असतात. आणि गडगा. चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून केलेली ती कुंपणाची भिंत बंपरच्या एका धक्क्याने दोन हात ढासळते. ती परत रचायला माणूस मिळवणं किती कठीण असतं, ते बागायतदाराला विचारा.

माडाखाली सावली छान असते, तिथेच लावू का?

नको. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला बाबा एकच वाक्य सांगतात, "थय नको, हय लाव, थय नारळ पडतत." नारळाने काच फुटते आणि वाळलेलं झाप (झावळी) पडलं तरी वरचं सोलर पॅनल तडकतं. फणसाखालीही तेच. आंब्याच्या कलमाखाली मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते. तेव्हा बागेत राहायचंच असेल तर फवारणीचा दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी दुसरीकडे जा. खिडक्या लावून भागत नाही.

घरापुढचं मोकळं खळं दिसतं, तिथे लावली तर चालते ना?

याचं उत्तर मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकले आहे. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही मालवण तालुक्यात एका घरी पोहोचलो. दारापुढे सपाट, स्वच्छ जागा होती, कडेला तुळस. घरात कुणी दिसेना म्हणून आम्ही गाडी सरळ आत घेतली. ते नुकतंच केलेलं खळं होतं. पावसात उखडलेली जमीन खणून, नवी माती घालून, पाणी मारून, चोपून, वर शेणाने सारवलेलं. आजी मागच्या दारातून आल्या आणि चाकांच्या दोन खोल चाकोऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यावर भात यायचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याबरोबर खळं चोपायला बसलो. संध्याकाळपर्यंत हाताला फोड आले, तरी ते पहिल्यासारखं झालं नाही. पुढच्या खेपेला मी त्यांना भेटायला मुद्दाम गेले, आणि अजूनही जाते.

म्हणून सारवलेल्या जमिनीवर चाक घालायचं नाही. सिमेंटचं किंवा पेव्हरचं अंगण असेल तरी घरच्यांनी हात करून दाखवलेल्या जागीच लावायची. तुळशीच्या अगदी समोर, विहिरीच्या वाटेवर किंवा गोठ्याच्या दारात लावायची नाही. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडून आत आलात तर लगेच परत लावा, नाहीतर गुरं बागेत शिरतात.

कातळावर लावणं चांगलं की बागेत?

ऑक्टोबरपासून मेपर्यंत कातळ उत्तम. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चाक रुतत नाही, वारा असतो, डासही कमी. पण दुपारी कातळ तव्यासारखा तापतो आणि सावली नसते. बागेतली माती पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ओली असते. वरून कोरडी दिसते, आत मऊ. पावसाळ्यानंतर लगेच आलात तर टाचेने दाबून बघा. टाच रुतली तर चाक रुतणारच. भाताच्या मळ्यात कापणीनंतरही गाडी घालू नका. तिथले बांध मोडतात आणि पुढच्या वर्षी पाणी धरत नाहीत.

परवानगी कुणाची घ्यायची? जमीन नक्की कुणाची हे कसं कळणार?

कोकणातल्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचंच. निम्मी मंडळी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद व्हायची राहिलेली. एका रात्रीसाठी कुणी सातबारा बघत नाही. पण ज्या घरात आज चूल पेटते त्या माणसाची परवानगी हवी. शेजारच्या घरी भाऊबंद असतील तर जागा त्यांच्या वाट्याची नाही ना, हे मालकालाच विचारा. बांधावरून वीस वर्षं वाद चालू असतो आणि आपण नेमके त्याच बांधावर खुर्च्या टाकून चहा पीत बसतो. असं आमच्या बागेतही होऊ शकतं, म्हणून पाहुण्यांना आम्ही हद्द चालून दाखवतो.

देवस्थानची जमीन आणि देवराई यांत मुक्काम नाही. कुणी "लावा, काय होत नाही" म्हटलं तरी गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. वनखात्याच्या जमिनीवर तर कुणाच्याच तोंडी परवानगीला अर्थ नसतो.

ओळखपत्राची प्रत मालकाला स्वतःहून द्या. बरोबर परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची नोंद मालकाला २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. हे आधी सांगा, आयत्या वेळी त्याला अडचणीत टाकू नका.

पैसे किती द्यायचे?

आधी ठरवा, नेहमी. "काय द्यायचं ते द्या" असं म्हणणारी माणसं खूप भेटतील. त्यांच्या भिडेचा फायदा घेऊ नका. आम्ही जागा, न्हाणीघर आणि पाणी यांचे रात्रीला ५०० ते ८०० रुपये देतो. वीज आणि जेवण वेगळं. घरच्या बाईने स्वयंपाक केला असेल तर जेवणाचे पैसे तिच्या हातात देतो.

पाण्याची टाकी भरून मिळते का?

डिसेंबरपर्यंत बहुतेक ठिकाणी मिळते. एप्रिल-मे महिन्यात मागूही नका. एवढा पाऊस पडून जांभ्याच्या जमिनीतून पाणी निचरून जातं आणि शिमग्यानंतर विहिरी तळाला लागतात. तुमची शंभर लिटरची टाकी म्हणजे एखाद्या घराची दिवसभराची उपसणी. उन्हाळ्यात आम्ही मोठ्या गावात विकतचं पाणी भरून निघतो. दोघांत दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पुरतं. तांब्याने अंघोळ केली तर आणखी कमी.

सांडपाणी आणि टॉयलेटचं काय?

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांशी आमचा खटका उडतो तो याच गोष्टीवरून, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोकणात न्हाणीघराचं पाणी पूर्वापार माडाला किंवा केळीला जातं. तुमचं अंघोळीचं पाणीही विचारून माडाच्या आळ्यात सोडता येतं. अट एकच, साबण साधा आणि थोडा हवा. भांड्यांच्या जेलचं तेलकट पाणी आळ्यात नको. ताटं आधी कागदाने पुसून घ्या. पऱ्ह्यात किंवा ओहोळात काहीच सोडायचं नाही, कोरडा असला तरी. खालच्या वाडीची विहीर त्याच झऱ्यावर असते.

टॉयलेटच्या कॅसेटमध्ये, म्हणजे काढता येणाऱ्या मैल्याच्या टाकीत, निळं रसायन घालत असाल तर त्यात फॉर्मॅल्डिहाइड आहे का ते बघा. असेल तर घरच्या शौचालयात ते ओतू नका. सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात आणि टाकी तुंबते. तुम्ही तोवर गोव्याला पोहोचलेले असता, त्रास घरच्यांना. फॉर्मॅल्डिहाइड नसलेलं, जैविक प्रकारचं औषध मिळतं, तेच वापरा आणि विचारूनच रिकामं करा. त्याहून सोपं म्हणजे मुक्कामी असताना घरचंच शौचालय वापरणं.

वीज जोडून मिळेल का? एसी चालेल?

फोन, दिवे, पंखा यांना अडचण नसते. एसी आणि इंडक्शन दोन्ही एकदम लावलंत तर जुन्या घरात फ्यूज जाणार. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. रात्रभराचा हिशेब आधीच सांगा आणि युनिटप्रमाणे पैसे द्या. जोडणी पंधरा अँपियरच्या पॉइंटवरून, स्वतःच्या अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरने करा. पडवीतल्या पाच अँपियरच्या प्लगमधून नको. वादळवाऱ्यात वीज रात्रभरही जाते, बॅटरी भरलेली ठेवा.

थेट किनाऱ्यावर, वाळूत उभी केली तर?

नाही. रुतलेली व्हॅन भरतीच्या आत ओढून काढायला ट्रॅक्टर मिळेलच असं नाही, आणि खारं पाणी एकदा चेसिसला लागलं की गंज थांबत नाही. वेळास, आंजर्ले आणि इतर काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकांनी घरटी दबतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. गाडीचा एक बाहेरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. किनाऱ्याच्या गावात आम्ही माडांच्या मागे, गावाच्या बाजूला थांबतो आणि बाहेरचे दिवे मालवतो.

जागामालकाने समुद्रालगत व्हॅनसाठी काँक्रीटचा चौथरा किंवा टॉयलेट बांधायचं ठरवलं तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. तुमच्या हौसेसाठी त्याला अशा खर्चात ढकलू नका.

फेरीबोटीत व्हॅन जाते का?

आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या सगळ्या फेऱ्यांतून आम्ही व्हॅन नेली आहे. खूप वळसा वाचतो. काळजी घ्यायची ती उतारावर. पूर्ण सुकतीला (ओहोटीला) रॅम्प तीव्र होतो आणि मागच्या चाकांच्या पलीकडे लांब शेपूट असलेली गाडी खाली घासते. भरतीची वेळ काढायला आमचे आजोबा तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण प्रवास आखायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, तेव्हा भर सुकतीची फेरी आम्ही टाळतो. बोटीवरची माणसं हाताने इशारे करतात, तेच बघून गाडी चालवा.

चांदोली राष्ट्रीय उद्यान बघायचंय. कोकणात राहून जमेल?

जमतं, पण अंतराचा अंदाज नीट घ्या. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात दोन्ही आले. उद्यानाची पश्चिम कड थेट संगमेश्वर तालुक्याच्या डोक्यावर आहे. शृंगारपुरातून वर बघितलं तर तो कडा दिसतो. पण गाडीने आत जायची वाट तिथून नाही. ती सांगली जिल्ह्यात वारणावतीकडून आहे. म्हणजे कोकणातून आंबा घाट चढायचा आणि मलकापूर-कोकरूडवरून जायचं. किनाऱ्यावरून एका दिवसात जाऊन परत येण्याचा बेत आखू नका. साखरपा किंवा देवरूखच्या आसपास आदल्या रात्री थांबा आणि पहाटे घाट चढा.

उद्यानात स्वतःच्या गाडीत रात्र काढता येत नाही. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. हद्दीलगतच्या गावांतही खासगी जागा बघताना ती जंगलाची नाही ना, याची खात्री करा. झाडी सारखीच दिसते, हद्दीचे दगड गवतात लपलेले असतात. शृंगारपूर, नायरी या बाजूला घाटाखाली मुक्काम करायला मला फार आवडतं. रात्री गावाचे दिवे विझले की कड्याची काळी रेघ आणि वर चांदणं, एवढंच राहतं. प्राचीतगड त्याच कड्यावर, पण चांदोलीच्या हद्दीत आहे. चढण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा आणि गावातला वाटाड्या घ्या.

कोयनेच्या बाजूला जायचं असेल तर चिपळूणहून कुंभार्ली घाट सोयीचा. अणुस्कुरा घाट देखणा आहे, पण लांब गाडीला वळणं अवघड जातात.

कोणत्या दिवसांत यावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. मे महिन्यात आणि गणपतीत प्रत्येक घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, अंगणात पोरांच्या गाद्या असतात. आपली गाडी कुठे लावणार? शिमग्यात पालखी घरोघर येते, तेव्हा वाट अडवू नका. बोलावलं तर मात्र जरूर जा. पावसाळ्यात आम्ही व्हॅन काढतच नाही.

साप-विंचवाची भीती वाटते.

भीती नको, सवय लावा. फुरसं कोकणात खूप. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, कातळावर आणि गडग्यात राहणारं. अंगाचे वेढे एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं, तो ऐकला की जागीच थांबा. रात्री हातात टॉर्च असल्याशिवाय उतरायचं नाही, चपला गाडीबाहेर ठेवायच्या नाहीत, सकाळी बूट झटकायचे, कारण लाल विंचू आत बसतो. गडग्याला टेकून गाडी लावायची नाही. साप किंवा विंचू चावला तर १०८ ला फोन, आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते पोहोचल्यादिवशीच विचारून ठेवायचं. बांधणं, कापणं, चोखणं काही नाही.

दोडामार्ग, बांदा भागात काजूच्या बागांत थांबणार असाल तर माकडताप लक्षात ठेवा. गोचीड चावल्याने होतो आणि हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत जास्त दिसतो. पाचोळ्यावर चटई टाकून बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

शेकोटी करू शकतो का?

फेब्रुवारीनंतर अजिबात नाही. सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि खाडीवरून वारा सुटतो. एका ठिणगीने वणवा लागतो आणि दहा-पंधरा वर्षांची काजू-आंब्याची कलमं तासाभरात होरपळतात. आमच्या शेजारच्या बागेत हे झालेलं मी पाहिलं आहे. त्या वर्षी त्या घरात कुणी आंबा पेटीत भरला नाही. गॅसवर स्वयंपाक करा, सिगारेटची थोटकं डब्यात टाका.

जेवण घरीच सांगावं का?

सांगावं, पण सकाळी. कुळथाची पिठी, भात, सोलकढी एवढं सांगितलं तरी पोट भरतं. मासे हवे असतील तर त्या दिवशी जे उतरतील ते, त्या दिवशीच्या भावाने. मटण-मासे आणि दारू आपल्या गाडीत चालेल का, हेही विचारा. काही घरांत चालत नाही, काही घरांत सोमवारी किंवा श्रावणात चालत नाही.

व्हॅन स्वतः बांधून घेतली आहे. कागदपत्रांत काय बघायचं?

गाडीच्या रचनेत केलेला बदल आरटीओच्या मंजुरीने आरसी बुकात नोंदलेला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. नोंद नसेल तर तपासणीत अडता आणि अपघात झाला तर विम्यातही अडता.

कुत्रा बरोबर आहे. आणू का?

आणा, पण जागा विचारतानाच सांगा. घरात कोंबड्या असतात, गोठ्यात वासरू असतं, वाडीतले कुत्रे नव्या कुत्र्याला सोडत नाहीत. रात्री त्याला गाडीच्या आतच झोपवा, बाहेर साखळीने बांधून ठेवू नका. कोकणातल्या बऱ्याच वाड्यांत बिबट्या फिरतो आणि बांधलेला कुत्रा त्याला सोपा सापडतो. आमच्या बागेत येणाऱ्यांना आम्ही दिवे मालवायच्या आधी एकदा जाऊन विचारतो, कुत्रा आत घेतलात ना?